डोळ्याचं ऑपरेशन : कोणत्या आजाराला कोणता डॉक्टर?



गटाच्या बैठकीत आजारपणासाठी कर्जाची मागणी आली की रजिस्टरमध्ये बऱ्याचदा एवढंच लिहिलं जातं – "डोळ्याचं ऑपरेशन". कोणत्या डोळ्याचं, कशाचं, कोण करणार, हे विचारलं तर मागणाऱ्या ताईला सांगता येत नाही. "डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय, ते म्हणतील तसं" असं उत्तर मिळतं. सासूबाईंना दिसेनासं झालं, नातवाचा डोळा तिरळा वाटतो, तुरी कापताना धाटाचं टोक लागलं, साखरेच्या आजारानं नजर अंधुक झाली – सगळ्याला आपण "डोळ्याचा डॉक्टर" हा एकच शब्द वापरतो.

डोळ्याचे डॉक्टर मात्र एकाच प्रकारचे नसतात. काही आजारांत चुकीच्या दारात गेलेले आठ दिवस नजर घेऊन जातात. पैसे तर जातातच. म्हणून या वेळच्या आरोग्य पाठात डोळ्याच्या ऑपरेशनचे तज्ज्ञ कोणकोणते असतात आणि कधी कोणाकडं जायचं, ते समजून घेऊ.

डोळा म्हणजे एक घर समजा

किल्लारी भागात घराचं उदाहरण कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घरं गेली. नंतर पुनर्बांधणीच्या कामात गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढं आल्या. पाया कसा भरलाय, गज कुठं टाकलेत, पट्टा धरलाय का, हे त्यांनी उभं राहून विचारलं. तेव्हाच कळलं की घर एकच असलं तरी गवंडी वेगळा, गज बांधणारा वेगळा आणि वायरिंग करणारा वेगळा. नळाचं काम वायरमनला सांगून भागत नाही.

डोळ्याचंही तसंच आहे. समोर एक पारदर्शक काच असते, तिला पारपटल म्हणतात. बोलताना आपण तिलाही बुबुळच म्हणतो. तिच्या मागं भिंग असतं. सगळ्यात मागं पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. पडद्यापासून मेंदूपर्यंत एक नस जाते, ती म्हणजे घरातली मेन वायर. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि बाहेर जातं, त्याचा ठरावीक दाब असतो. पापण्या म्हणजे दार, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यातून आसवं वाहून नेणारी नळी म्हणजे मोरी. बिघाड कुठं आहे त्यावर डॉक्टर ठरतो.

आधी तीन माणसांमधला फरक

चष्म्याचा दुकानदार : नंबराच्या चिठ्ठीप्रमाणे काच बसवून देतो. तो आजार ओळखणारा डॉक्टर नाही.

नेत्र चिकित्सा अधिकारी किंवा ऑप्टोमेट्रिस्ट : हे नजर तपासतात, चष्म्याचा नंबर काढतात, मोतीबिंदूचा संशय आला तर पुढं पाठवतात. ग्रामीण रुग्णालयात किंवा शिबिरात बहुतेक वेळा पहिली भेट यांचीच होते. त्यांचं काम मोलाचं आहे, पण ते ऑपरेशन करत नाहीत.

नेत्रतज्ज्ञ : हे आधी एम.बी.बी.एस. होतात. त्यानंतर डोळ्याच्या विषयात तीन वर्षांची एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदवी घेतात, किंवा दोन वर्षांची पदविका घेतात. ऑपरेशन करण्याचा अधिकार यांचाच. बहुतेक नेत्रतज्ज्ञ मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात. त्यातले काहीजण पुढं आणखी वर्ष-दोन वर्षं डोळ्याच्या एकाच भागाचं शिक्षण घेतात. त्यांना आपण पडद्याचे डॉक्टर, काचबिंदूचे डॉक्टर असं म्हणतो.

गावात फिरत येऊन "डोळ्यातला खडा काढतो, जाळं काढतो" म्हणणारी माणसं या तिघांपैकी कोणीच नाहीत. त्यांना डोळ्याला हात लावू देऊ नका.

कोणता तज्ज्ञ काय करतो?

१. मोतीबिंदूचे सर्जन

भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. २०१५ ते २०१९ मध्ये देशात झालेल्या पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंध लोकांपैकी शंभरात सुमारे ६६ जणांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू हेच निघालं. म्हणजे ऑपरेशननं जाऊ शकणारं अंधत्व घेऊन माणसं घरात बसून आहेत. त्यात बायका जास्त मागं राहतात, कारण "आता या वयात काय करायचंय बघून" असं त्या स्वतःच म्हणतात.

पूर्वी गढूळ भिंग काढायचे आणि जाड भिंगाचा चष्मा द्यायचे. आजीचा तो चष्मा काहींना आठवत असेल. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं आणि तिथून हे बदलत गेलं. १९९२ पासून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं ही भिंगं आपल्याच देशात स्वस्तात बनवायला घेतली, म्हणून ती गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचली.

आज दोन पद्धती जास्त चालतात. 'फेको'मध्ये अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून काढतात. लोक याला 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात, पण साध्या फेकोत लेझर नसतो. दुसऱ्या पद्धतीत छेद थोडा मोठा, सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तिलाही बहुधा टाका लागत नाही, आणि फार पिकलेल्या, कडक मोतीबिंदूला ती चांगली चालते. म्हणून "स्वस्तातलं म्हणजे जुनं-पुराणं" असं समजू नका.

आणखी दोन गैरसमज. पहिला, "मोतीबिंदू पिकू द्या." आता पिकायची वाट बघायची गरज नाही. रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येतं. जास्त पिकला तर उलट डोळ्यातला दाब वाढून डोळा दुखू लागतो. दुसरा, "मोतीबिंदू परत आला." काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगाच्या मागची पातळ पिशवी धूसर होते, तेव्हा पुन्हा अंधुक दिसतं. इथं मात्र खरा लेझर लागतो. काम काही मिनिटांचं असतं.

या कामात सरावाला फार किंमत आहे. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मोतीबिंदूच्या एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आईनं स्वतःची किडनी देऊन त्यांना वाचवलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात चांगलं ऑपरेशन होत नाही असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण सांगावं.

२. पडद्याचे डॉक्टर

साखरेचा आजार आणि बीपी असणाऱ्या प्रत्येक ताईनं हे नाव लक्षात ठेवावं. साखरेमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपतं. सुरुवातीला दुखत नाही, नजरही चांगली असते. म्हणून साखर असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा औषध घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. उपचार लेझरनं, डोळ्यात इंजेक्शन देऊन किंवा ऑपरेशननं करतात. पडदा सुटणं, डोळ्याच्या आत रक्त येणं हेही यांचंच काम.

आणखी एक गोष्ट आपल्या सुना-लेकींसाठी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा कच्चा असतो. बाळ ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. बाळ फारच लहान असेल तर त्याहून लवकर. "बाळ काचेच्या पेटीत होतं" असं ऐकलं की पहिला प्रश्न विचारा – डोळे तपासले का?

३. काचबिंदूचे डॉक्टर

डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते, तो काचबिंदू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी वाटतात, पण फरक मोठा आहे. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधानं, लेझरनं किंवा ऑपरेशननं फक्त राहिलेली नजर वाचवता येते. नजर कडेनं जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब आणि नस तपासून घ्या. थेंब सुरू केले असतील तर "बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका.

४. बुबुळाचे म्हणजे पारपटलाचे डॉक्टर

शेतात राबणाऱ्या बाईला यांची गरज कधीही पडू शकते. सोयाबीन काढताना, ऊस तोडताना, ज्वारी खुडताना पातं किंवा काडी लागते, मळणी यंत्राचा कण उडतो. डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ही जखम चिघळली तर आपण म्हणतो "फूल पडलं". काडीकचऱ्यातून आलेल्या जखमेत बऱ्याचदा बुरशी असते आणि तिचं औषध वेगळं असतं. मेडिकलमधून न विचारता आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर बुरशी आणखी वाढते. अंगावरचं दूध, मध, तूप, झाडपाल्याचा रस यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

पारपटल कायमचं पांढरं झालं तर ते बदलावं लागतं, आणि ते फक्त नेत्रदानातून मिळतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. चष्मा असलेल्या, साखर असलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या व्यक्तीलाही नेत्रदान करता येतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. त्या काळात ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या.

५. लहान मुलांचे आणि तिरळेपणाचे डॉक्टर

"थोडं तिरळं असलं तर नशीबवान असतं", "मोठं झाल्यावर नीट होईल" असं म्हणून वर्षं जातात. तिरळ्या डोळ्याचा वापर मेंदू हळूहळू बंद करतो. तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर नजर चांगली सुधारते. नंतर ऑपरेशननं डोळा सरळ दिसेल, पण नजर तेवढी येईलच असं नाही. दरवेळी ऑपरेशनच लागतं असंही नाही. कधी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी एवढ्यानं भागतं. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका. तो जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना हे दाखवा.

६. पापणी आणि आसवांच्या नळीचे डॉक्टर

पापणी आत वळून केस बुबुळाला घासणं, पापणी खाली लोंबणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून सतत पाणी किंवा पू येणं, पापणीवरची गाठ, हे यांचं काम. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आसवांची नळी उघडी आहे का, हे बघतात ते याचसाठी. तिथं पू असेल तर ऑपरेशन झालेल्या डोळ्यात जंतू जाऊ शकतात. "नुसतं पाणी सोडून बघितलं" म्हणून ती तपासणी फालतू समजू नका.

७. चष्म्याचा नंबर घालवणारे डॉक्टर

हे पारपटलावर लेझर करतात. मुलामुलींना भरतीसाठी हे करायचं असतं. वय १८ च्या पुढं असावं आणि वर्षभर नंबर बदललेला नसावा. प्रत्येकाचं पारपटल यासाठी योग्य असतंच असं नाही. त्या भरतीला हे ऑपरेशन चालतं का, हे आधी बघा, मगच पैसे भरा.

बैठकीची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा

• चुना, खत, फवारणीचं औषध डोळ्यात गेलं : आधी स्वच्छ पाण्याची धार धरून निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. चुन्याचे कण राहू देऊ नका. धुवून झालं की दवाखाना.
• अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके उडणं, पडदा ओढल्यासारखी सावली येणं : पडदा सुटत असेल. पडद्याचे डॉक्टर.
• डोळा खूप दुखणं, लाल होणं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसणं, सोबत उलट्या : डोळ्यातला दाब एकदम वाढला असेल. पित्त म्हणून गोळी घेऊन झोपू नका.
• मार लागून डोळा फुटल्यासारखा वाटणं : डोळा चोळू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका.
• मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखणं, लाल होणं, दिसायचं कमी होणं : ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं त्याच दिवशी.

आपल्या भागातली वाट

पहिली पायरी ग्रामीण रुग्णालय. तिथं नेत्र तपासणीचा वार कोणता, हे आशाताईंकडून विचारून घ्या. पुढची पायरी लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. नांदेडकडच्या मैत्रिणींसाठी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. उदगीरला लायन्सचं धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे आणि जालन्याला श्री गणपती नेत्रालय. फार गुंतागुंतीचं असेल तर काहींना हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत पाठवतात.

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यातून सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. इतर ऑपरेशनसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. शिबिरात तपासणी करून घ्यायला हरकत नाही, पण ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच व्हायला हवं. शाळेच्या खोलीत किंवा मंडपात नाही.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

१. मला नक्की काय झालंय? कागदावर मराठीत लिहून द्याल का?
२. ऑपरेशन कोण करणार? त्यांचं शिक्षण काय? (नावाच्या पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो.)
३. हे ऑपरेशन ते नेहमी करतात का, की मला दुसऱ्या तज्ज्ञाकडं पाठवाल?
४. गेलेली नजर परत येईल, की फक्त राहिलेली टिकेल?
५. ऑपरेशन थांबवलं तर काय होईल?
६. भिंग, औषधं, तपासण्या धरून एकूण खर्च किती? योजनेत बसतं का?
७. परत कधी कधी यायचं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोतीबिंदूसोबत पडदाही खराब असेल तर मोतीबिंदू काढूनही पूर्ण दिसणार नाही. हे आधी कळलं तर नंतर "ऑपरेशन बिघडलं" म्हणून डॉक्टरला दोष देणंही होत नाही आणि महागडं भिंग घेण्यासाठी कर्जही काढलं जात नाही. साधं, एका नंबरचं भिंगही लांबचं चांगलं दाखवतं. जवळचं वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, एवढंच.

प्रश्न विचारले म्हणजे डॉक्टरचा अपमान होत नाही. घर बांधताना इंजिनिअरला विचारलं, बँकेत मॅनेजरला विचारलं, तसंच हे.

गटानं काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. पुढच्या बैठकीत एवढी कामं करा :

• भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा दहा पावलांवरून एकेक डोळा झाकून वाचा. ही तपासणी नव्हे, पण एका डोळ्यानं कमी दिसतंय हे अनेकींना तेव्हाच कळतं.
• रजिस्टरच्या मागच्या पानावर तीन याद्या करा : साखर असलेल्या सदस्या, घरातल्या साठीच्या पुढच्या व्यक्ती, डोळ्याची तक्रार असलेली मुलं.
• आजारपणाच्या कर्जाच्या मागणीत "डोळ्याचं ऑपरेशन" एवढंच न लिहिता आजाराचं नाव, रुग्णालय आणि योजना लागू आहे की नाही, हे लिहा.
• ऑपरेशन झालेल्या ताईला काही दिवस चुलीचा धूर, डोक्यावरून अंघोळ आणि जड उचलणं टाळायचं असतं. तेवढे दिवस भाकरी कोण करणार, पाणी कोण भरणार, थेंब वेळेवर कोण घालणार, हे गटानं वाटून घ्या. बऱ्याच बायकांचं ऑपरेशन पैशावाचून अडत नाही, घरचं काम कोण करणार म्हणून अडतं.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या वाडीत, गल्लीत अशी कोण आहे, जी दिसत नाही म्हणून गटात यायची थांबली? तिचं नाव काढा. बैठक संपल्यावर दोघीजणी तिच्या घरी जा आणि तपासणीचा वार ठरवूनच परत या.